जगात जर्मनी, भारतात परभणी

आमच्या जिल्ह्यात एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या फिरते आहे. ते म्हण नव्हे. यमकाच्या सोयीने जन्मलेला तो एक उद्गार आहे: जगात जर्मनी, भारतात परभणी. तो प्रथम कोणी काढला आणि कशावरून काढला, याची निदान चार स्पष्टीकरणे मी ऐकली आहेत आणि त्यांतले एकही मला पटलेले नाही. ज्या गावाविषयी दुसरा प्रसिद्ध उद्गार ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असा आहे, त्या गावाने स्वतःला जर्मनीच्या पंगतीत बसवावे, यात फुशारकी किती आणि स्वतःचीच थट्टा किती हे ठरवणे अवघड. लहानपणापासून हे वाक्य हसत ऐकत आलो. गेल्या काही वर्षांत मात्र ते निराळ्याच अर्थाने खरे वाटू लागले आहे, आणि त्याला कारण खिशातला मोबाइल. या यंत्रापुरते तरी जर्मनी आणि परभणी यांचे नाते अगदी स्पष्ट आहे. तिकडे नियम ठरतात आणि त्या नियमांवरून होणारे तंटे न्यायालयात उभे राहतात. इकडे ते नियम निमूट पाळले जातात आणि त्यांची किंमत मोजली जाते.

साहित्याच्या अभ्यासकांपुढे दूरसंचाराची मानके आणि पेटंटे यांचे पुराण कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. उत्तर थोडे पुढे देतो. आधी एक घरची गोष्ट सांगावी लागेल.

2006 सालची गोष्ट असेल. मी परभणीत होतो आणि चुलतभाऊ गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या गावी. धाकट्या काकांच्या वाटणीला आलेला मळा विकायचे घाटत होते. तो घराबाहेर जाऊ नये, भावाने ऐपत ताणून का होईना पण घ्यावा, अशी घरात सर्वांची इच्छा होती. एका संध्याकाळी त्याचा संदेश आला. रोमन लिपीत लिहिलेला, तीनच शब्दांचा. मी तो वाचला: ‘काकांनी मला विकला’. मला अतिशय आनंद झाला. मी लगेच अभिनंदनाचा संदेश पाठवला, वर ‘आता विहिरीचे काम काढ’ असा सल्लाही दिला. दोन दिवस त्याचे उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा कळले की त्याने लिहिले होते, ‘काकांनी मळा विकला’. परक्याला विकला होता. ‘दादा, तू चेष्टा केलीस असं वाटलं मला,’ एवढेच तो म्हणाला. रोमन लिपीत ‘ळ’ नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घ ‘अ’चा भेद कोणी दाखवत नाही, म्हणून ‘मला’ आणि ‘मळा’ तिथे एकच होतात. एरवी हा विनोद ठरला असता.

त्याने देवनागरीत का लिहिले नाही? त्याच्या फोनमध्ये देवनागरी होती. हिंदीच्या नावाखाली होती, पण होती. माझ्या फोनवर मात्र ती उमटत नसे, चौकोन दिसत. आणि दुसरे कारण पैशाचे. इंग्रजी अक्षरांत एका संदेशात 160 अक्षरे मावत, देवनागरीत फक्त 70. मजकूर जरा लांबला की एकाचे दोन-तीन संदेश होत आणि तितके पैसे कापले जात. शिवाय ही 70 अक्षरे म्हणजे आपण शाळेत मोजतो ती अक्षरे नव्हेत. काना, मात्रा, वेलांटी, हलन्ताचे चिन्ह, सगळे निरनिराळे मोजले जाते. ‘ज्ञानेश्वरी’ हा आपल्या हिशेबाने चार अक्षरांचा शब्द, यंत्राच्या हिशेबाने अकरा चिन्हांचा.

हे 160 कुठून आले, याचा शोध घेताना मी थेट जर्मनीत जाऊन पोहोचलो. फ्रीडहेल्म हिलेब्रांट नावाचे अभियंते युरोपच्या नव्या मोबाइल यंत्रणेसाठी संदेशसेवेचा आराखडा करत होते. 1985 साली बॉन शहरातल्या आपल्या घरी ते टंकयंत्रापुढे बसले आणि सुचतील ती वाक्ये, प्रश्न टंकत गेले. बहुतेक मजकूर 160 अक्षरांच्या आत संपतो असे त्यांना आढळले. पोस्टकार्डांवरचा मजकूरही तेवढाच असतो, असे त्यांनी ताडून पाहिले. संदेशासाठी 140 बाइटांची जागा ठरली. तिच्यात सात-सात बिटांची 160 अक्षरे बसतात. सोळा-सोळा बिटांची चिन्हे घेतली तर बरोबर 70. गणित निर्दोष आहे. त्यात कोणाचा दुष्टावाही नव्हता. ते गृहस्थ ज्या भाषांत विचार करत होते त्या भाषांच्या वाक्यांची लांबी त्यांनी मोजली, इतकेच. गंगाखेडच्या माणसाला आपला मळा गेल्याचे कळवायला किती अक्षरे लागतात, हे मोजायला त्या टंकयंत्रापाशी कोणी नव्हते. पुढे याच मानकात दहा भारतीय भाषांसाठी सात बिटांचे स्वतंत्र तक्ते घालण्यात आले. बंगाली, गुजराती, हिंदी, कन्नड, मल्याळम, ओडिया, पंजाबी, तमिळ, तेलुगू आणि उर्दू. मराठीच्या नावाचा तक्ता त्यांत नाही. हिंदीच्या तक्त्यात ‘ळ’ आहे, तेवढ्यावर आपण समाधान मानायचे. ते तक्ते प्रत्यक्ष वापरणारा फोन मला कधी भेटला नाही, हा भाग वेगळा.

‘मानक’ हा शब्द मी वर वापरला खरा, पण मराठीच्या अध्यापकाला त्याच्याऐवजी ‘प्रमाण’ हा शब्द अधिक बोचरेपणाने कळतो. परभणीहून पुण्याला शिकायला गेलेल्या आमच्या पिढीतल्या कोणालाही विचारा. ‘काय करायलास?’ असे तोंडातून निघाले की समोरच्याच्या चेहऱ्यावर येणारे ते स्मित! प्रमाणभाषा ही सोय आहे, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो आणि ते खोटे नाही. कोकणातल्या, खानदेशातल्या आणि मराठवाड्यातल्या माणसांना एकमेकांचे लेखन वाचता यावे तर काहीतरी एक ठरवावेच लागते. परंतु जे ठरते ते ठरवणाऱ्यांच्या ओसरीवरचे असते. त्यांना ते फुकट मिळते, इतरांना शिकावे लागते.

रुळांचेही तसेच. निजामाच्या राज्यात 1900 च्या सुमारास मनमाडहून परभणी-पूर्णेकडे हैदराबादला जाणारी जी लोहमार्गाची लाइन टाकली गेली ती मीटरगेज होती, मुंबईची ब्रॉडगेज. त्यामुळे मनमाडला गाडी बदलणे हा मराठवाड्याच्या माणसाचा नित्याचा संस्कार झाला. ट्रंका उतरवा, हमाल करा, पुन्हा चढवा. मालाचीही तीच गत. हा रुंदीतला फरक मिटावा म्हणून गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी वर्षानुवर्षे चळवळ केली आणि 1990 च्या दशकात आमची लाइन ब्रॉडगेज झाली. मानक म्हणजे काय, हे मनमाडच्या फलाटावर पहाटे तीन वाजता ट्रंकेवर बसून राहिलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रुंद रूळ अरुंद रुळापेक्षा चांगला की वाईट हा प्रश्न गौण असतो. सगळ्यांचा एकच असणे, हीच त्याची किंमत.

आता कल्पना करा, की रुळांची ती रुंदी कोणा एकाच्या मालकीची आहे.

मोबाइलच्या क्षेत्रात नेमकी हीच स्थिती आहे. दोन फोनांनी एकमेकांशी बोलायचे तर आवाजाचे आकड्यांत रूपांतर कसे करायचे, कोणत्या क्षणी कोणी बोलायचे, मनोऱ्याशी हातमिळवणी कशी करायची, हे सारे आधी ठरलेले असावे लागते. ते ठरवणाऱ्या संस्था आहेत. युरोपची एट्सी ही संस्था 1988 साली स्थापन झाली, तिचे ठाणे फ्रान्समध्ये. 1998 साली निरनिराळ्या देशांच्या अशा संस्थांनी मिळून थ्रीजीपीपी हा संयुक्त उपक्रम सुरू केला. तिसऱ्या पिढीपासून पाचव्या पिढीपर्यंतची मानके तिथे घडली. या बैठकांना मुख्यतः कंपन्यांचे अभियंते जातात, आपापल्या युक्त्या मांडतात, वाद घालतात आणि ज्या युक्त्या मान्य होतात त्या मानकात शिरतात. त्या युक्त्यांवर बहुधा आधीच पेटंट घेतलेले असते. मानक पाळायचे तर ती युक्ती वापरावीच लागते, तिला बगल देता येत नाही. अशा पेटंटाला ‘मानकासाठी अत्यावश्यक’ असे म्हणतात. गमतीचा भाग असा, की आपले पेटंट अत्यावश्यक आहे हे बहुतांशी त्याचा मालक स्वतःच घोषित करतो. एट्सी ते तपासून पाहत नाही. आपल्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर ‘या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाला अपरिहार्य’ असे स्वतःच लिहून देणारे ग्रंथकार आपण पाहिले आहेत. असो.

पेटंट या शब्दापाशी थोडे थांबतो. आपल्याकडे त्याला ‘एकस्व’ असा राजमान्य प्रतिशब्द आहे आणि तो कोणी वापरत नाही. शब्द घडवणाऱ्याने मात्र मर्म नेमके पकडले होते: एकट्याचे ‘स्व’. गंमत अशी, की मूळ शब्दाचा अर्थ जवळजवळ उलट आहे. लॅटिनमधला ‘उघडे असणे’ या अर्थाचा धातू त्याच्या मुळाशी आहे. राजाने न मिटता, मोहोर खाली लोंबती ठेवून दिलेले, कोणालाही वाचता येईल असे उघडे पत्र, म्हणजे आपल्या भाषेत सनद. तू आपली विद्या सर्वांपुढे उघड कर. मोबदल्यात मुदतीपुरता तिचा मक्ता तुझा. आज ही मुदत आपल्याकडे 20 वर्षांची आहे. उघडेपणा आणि एकट्याचा हक्क, हे दोन्ही एकाच शब्दात नांदतात. मराठीने त्यातला एकच अर्धा उचलला.

ज्याची युक्ती मानकात शिरली त्याने वाटेल तो दर मागितला तर सगळा कारभारच ओलीस धरला जाईल, हे मानक ठरवणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून पेटंटाच्या मालकाकडून एक वचन घेतले जाते: मी हे पेटंट सर्वांना न्याय्य, वाजवी आणि भेदभावरहित अटींवर वापरू देईन. इंग्रजीतल्या आद्याक्षरांवरून याला फ्रँड म्हणतात. तीन विशेषणे, बस्स. किती पैसे, कशावर मोजायचे, कोणी ठरवायचे, यांतले काहीही त्यात नाही. सुरुवातीला ज्या प्रश्नाचे उत्तर देईन म्हणालो होतो ते हेच. कोट्यवधींचे, खंडोखंडीचे हे सारे तंटे शेवटी ‘वाजवी’ या एका विशेषणाचा अर्थ लावण्याचे आहेत, आणि अर्थ लावणे हा तर आपला धंदा. शब्दकोशाने येथे अडचण वाढवली आहे. आपला ‘वाजवी’ ज्या अरबी ‘वाजिब’वरून आला त्याचा मूळ अर्थ अनिवार्य, बंधनकारक असा आहे. जे अत्यावश्यक तेच वाजवी! पेटंटाच्या मालकांच्या वकिलांना ही व्युत्पत्ती कोणी कळवू नये.

या विशेषणाचा खल करण्यात जर्मनीची न्यायालये अग्रभागी आहेत. मानहाइम, ड्युसेलडॉर्फ, म्युनिक ही नावे या वर्तुळात आपल्याकडच्या पंढरपूर-आळंदीसारखी घेतली जातात. याचे कारण सरळ आहे. तिथे पेटंटभंग सिद्ध झाला की विक्रीवर मनाई लवकर मिळते, आणि मनाईच्या धाकाने समोरचा तडजोडीला येतो. असा दबाव मालकाने कधी आणावा आणि वापरणाऱ्याने आपण खरोखर करार करू इच्छितो हे कसे दाखवावे, याचे दंडक युरोपीय न्यायालयाने 16 जुलै 2015 च्या निकालात घालून दिले. वाद हुआवै आणि झेडटीई या दोन चिनी कंपन्यांचा, आणि प्रश्न विचारला होता ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयाने. पुढे 2022 च्या उन्हाळ्यात नोकियाने ओप्पोविरुद्ध मानहाइम आणि म्युनिक येथे मनाई मिळवली आणि त्या ऑगस्टमध्ये ओप्पोने जर्मनीतली विक्रीच थांबवली. त्याच सुमारास परभणीच्या स्टेशन रोडवर मी एका दुकानात फोन घ्यायला उभा होतो. काउंटरवर तीच कंपनी दिमाखात मांडलेली. ‘हा जर्मनीत मिळत नाही सध्या,’ असे मी उगाच पांडित्य केले. दुकानदाराने कारण विचारले, मी पेटंटाची कथा थोडक्यात सांगितली. तो म्हणाला, ‘म्हणजे सर, प्रत्येक फोनमागं आपण बी पैसे द्यायलोत का त्यांना?’ होय, म्हटले, द्यायलोत. ‘किती?’ मला उत्तर देता आले नाही. ते मला ठाऊक नव्हते एवढेच नव्हे. ते ठाऊक असण्याची सोयच नाही. हे करार गुप्त असतात. भारतातही नोकिया-ओप्पो वाद चालला. 2023 च्या जुलैत दिल्ली उच्च न्यायालयाने जुन्या करारातल्या भारताच्या वाट्याइतकी रक्कम जमा करायला सांगितली. जानेवारी 2024 मध्ये दोघांचा जगभरचा समझोता झाला. कितीला, ते पुन्हा गुपित.

आपल्या देशातली खरी लढाई त्याआधीच सुरू झाली होती. एरिक्सनने मार्च 2013 मध्ये मायक्रोमॅक्सवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि मायक्रोमॅक्स स्पर्धा आयोगाकडे गेली. आयोगाने नोव्हेंबर 2013 मध्ये चौकशीचा आदेश देताना एक साधा हिशेब मांडला, जो मला या साऱ्या वाङ्मयातला सर्वांत वाचनीय भाग वाटतो. स्वामित्वशुल्क फोनच्या किमतीवर सव्वा टक्का. तर मग तीच चिप 100 रुपयांच्या फोनात घातली तर मालकाला सव्वा रुपया आणि 1000 रुपयांच्या फोनात घातली तर साडेबारा रुपये. युक्ती तीच, तिचे काम तेच. मग दर दहापट कशासाठी? फोनात कॅमेरा चांगला, पडदा मोठा, म्हणून बोलण्याच्या युक्तीचे मोल वाढते काय? मालकांचे प्रत्युत्तरही पोकळ नाही. ते म्हणतात, महाग फोन हा महाग असतो तो त्याला जगाशी जोडणारी आमची विद्या त्याच्यात आहे म्हणूनच. जोडणी काढा आणि उरलेल्या काचेच्या तुकड्याची किंमत सांगा. व्यवहारात शुल्क फोनच्या विक्रीकिमतीवर मोजण्याची प्रथाच टिकली. स्पर्धा आयोगाला या प्रांतात हात घालता येतो काय, हा प्रश्न दहा वर्षे चालला आणि जुलै 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पेटंट कायद्याच्या बाजूने कौल दिला. दुसरा मोठा दावा एरिक्सनचा लाव्हाविरुद्ध. 2015 साली लागलेला, 28 मार्च 2024 रोजी निकाल, 244 कोटी रुपयांहून अधिक नुकसानभरपाई. आठांपैकी एक पेटंट न्यायालयाने अवैध ठरवले, सात टिकली. त्यांत आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याच्या युक्तीचीही पेटंटे होती.

देशी कंपनीला परदेशी कंपनीने लुबाडले, असा सोपा निष्कर्ष काढावासा वाटतो. निकाल पाहता तो टिकत नाही. न्यायालयाला दिसले ते असे, की वर्षानुवर्षे वाटाघाटी चालू ठेवायच्या, करार करायचा नाही, दरम्यान फोन मात्र विकत राहायचे, असा खेळ झाला होता. ज्याने दहा-पंधरा वर्षे प्रयोगशाळेत खपून आवाज अधिक थोड्या बिटांत स्पष्ट पोहोचवण्याची रीत काढली, त्याला काहीच द्यायचे नाही, हे कोणत्या न्यायात बसते? आपल्या कवितासंग्रहाची छायाप्रत काढून वर्गात वाटल्यावर दुखावणाऱ्या कवींपैकी मीही एक आहे.

तरीही मला एक गोष्ट खटकत राहते. तिच्यासाठी पुन्हा गंगाखेडलाच जावे लागेल. जनाबाई तिथली. तिने अभंग रचले, ओव्या रचल्या, आणि शेवटी आपले नाव घातले, नामदेवांची दासी म्हणून. ते नाव ही तिची मालकी. पण ज्या साच्यात ती रचना बसली तो साचा तिचा नव्हता, नामदेवांचा नव्हता, ज्ञानदेवांचाही नव्हता. साडेतीन चरणांची ओवी जात्यावरून ग्रंथात आली आणि ग्रंथातून पुन्हा जात्यावर गेली. ती ज्याच्या-त्याच्या तोंडी बसली म्हणून तिचे मोल वाढले. ओवीच्या या मोलातला किती वाटा ती प्रथम बांधणाऱ्या अज्ञात बाईच्या प्रतिभेचा आणि किती वाटा शेकडो वर्षे ती गात राहिलेल्या असंख्य बायकांचा?

मोबाइलच्या मानकाबाबत हाच प्रश्न मला कळीचा वाटतो. एखादी युक्ती मानकात शिरण्यापूर्वी तिच्यासारख्या आणखी दोन-चार युक्त्या टेबलावर असतात. तिची निवड होते, कोट्यवधी माणसे तिच्याभोवती जमतात, आणि मग तिला बगल देणे अशक्य होते. तिचे त्या दिवसानंतरचे मोल हे दोन धाग्यांनी विणलेले असते: एक शोधाचे मोल, दुसरे गर्दीचे. पहिले शोधकाचे, निर्विवाद. दुसरे गर्दीचे आहे, आणि त्या गर्दीत परभणीच्या दुकानातला तो माणूस, माझा चुलतभाऊ, मी, सगळे आहोत. ‘वाजवी’ या शब्दाला काही अर्थ द्यायचाच असेल तर तो असा द्यावा: निवड होण्यापूर्वी, पर्याय समोर असताना, या युक्तीला कोणी जे दिले असते ते. अर्थपंडितांतही हे मत मांडणारे आहेत; मी ओवीवरून तिथे पोहोचलो, इतकेच. प्रत्यक्षात तो आकडा काढणे कठीण आहे हे मान्य. पण निदान कशाचा आकडा काढायचा आहे ते तरी ठरेल.

आणि गुप्ततेविषयी. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. धर्मभाषा म्हणून मराठीचा आग्रह धरणाऱ्या पंथानेच मराठीला कुलूप घातले. परक्यांच्या हाती ग्रंथ पडून विटाळू नयेत, नष्ट होऊ नयेत, ही भीती समजण्यासारखी होती. परिणाम मात्र असा झाला, की मराठी गद्याचा आरंभीचा केवढा तरी ठेवा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या हाती त्या लिप्यांची किल्ली येईपर्यंत, बाहेरच्या वाचकाला असून नसल्यासारखा होता. पेटंटाची पद्धत अशा कुलपांवरचा उतारा म्हणून जन्मली. युक्ती उघडी झाली, हे खरेच मोठे काम. परंतु तिचा दर कुलुपात गेला. दिल्लीच्या न्यायालयात हे करार दाखवायची वेळ आली तर ते पाहायला मोजक्या वकिलांचे आणि तज्ज्ञांचे गोपनीय मंडळ नेमले जाते. दर भेदभावरहित आहे असे वचन द्यायचे आणि दुसऱ्याला काय दर लावला ते सांगायचे नाही! नवी सकळा लिपी ती हीच.

मग करायचे काय? बैठकीला जायचे, हे एक उत्तर. ते एकदा दिलेही गेले आहे. पाचव्या पिढीचे निकष ठरत असताना ग्रामीण भागाची परीक्षा घेण्यासाठी मनोऱ्यांमधले अंतर 1732 मीटर धरले होते. त्या अंतराने मनोरे जिंतूर किंवा पालमच्या माळावर कोण उभारणार? भारतातल्या अभियंत्यांनी, त्यांत मद्रास आणि हैदराबादच्या आयआयटींचे लोक प्रमुख होते, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघापुढे निराळे चित्र मांडले. आमच्याकडे साधारणपणे ग्रामपंचायतीपर्यंत तार येते. तिथल्या एका मनोऱ्याने भोवतालच्या वाड्या-वस्त्या सांभाळायच्या. दोन मनोऱ्यांत 6 किलोमीटर अंतर धरा, आणि माणसे आगगाडीच्या वेगाने नव्हे, पायी किंवा सायकलने हिंडतात असे धरा. 2017 साली ही परीक्षा सक्तीची झाली. ती उत्तीर्ण होण्यासाठी मनोऱ्यापासून दूरच्या फोनचा क्षीण संकेत अधिक जोराने पोहोचवण्याची रीत त्यांनी बसवली आणि तिच्यासह ‘फाइव्ह-जी-आय’ हे भारतीय मानक सिद्ध केले. नोव्हेंबर 2020 मध्ये संघाने त्याला मान्यता दिली. पण वेगळे मानक म्हणजे पुन्हा मनमाडचा फलाट. फोन कंपन्यांनी आणि सेवा देणाऱ्यांनी विरोध केला, आणि अखेर 2022 साली त्यातला गाभा थ्रीजीपीपीच्या सतराव्या आवृत्तीत विलीन झाला. काहींनी याला पराभव म्हटले. मला तसे वाटत नाही. ‘काय करायलास’ची स्वतंत्र प्रमाणभाषा काढण्यापेक्षा तो प्रयोग शब्दकोशात घुसवणे मला केव्हाही पसंत. त्या युक्तीवरही पेटंटे आहेत, हे ओघाने आलेच. आणि उद्या त्यांचे मालक ‘वाजवी’चा कोणता अर्थ लावतात तेही पाहण्यासारखे असेल.

दुसरे उत्तर फारसे बोलले जात नाही. 2012 साली ओपस नावाची, आवाज आकड्यांत बांधण्याची एक रीत मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यावरही पेटंटे आहेत, मात्र ज्यांची ती आहेत त्यांनी कसलेही शुल्क न घेता ती सर्वांना वापरू दिली. उत्तम चालते. व्हॉट्सॲपवर आपण जे बोलून पाठवतो ते तिच्यातूनच जाते. म्हणजे ओवीचा मार्ग अगदीच बंद झालेला नाही.

चुलतभाऊ हल्ली टंकत नाही. सरकारने फोनमध्ये भारतीय भाषा सक्तीच्या केल्या, 2016 चा तो आदेश आणि त्यामागचे मानक, हे सारे होईपर्यंत त्याची टंकण्याची हौस संपली होती. तो बोलून पाठवतो. गेल्या पावसाळ्यात गोदावरीला पाणी आले तेव्हाचा त्याचा निरोप माझ्याकडे आहे. पाऊण मिनिटाचा, वाऱ्याने अर्धा खाल्लेला. बांधावर चढल्याशिवाय रेंज येत नाही म्हणून तो बांधावर उभा आहे. पाणी कुठवर आलंय ते सांगता सांगता म्हणतो, ‘आपला मळा दिसायलाय हितून,’ आणि मग जरा थांबून, ‘म्हंजी, त्यांचा.’